उन्हाळ्याची रोजनिशी

माणसाचें वय सांगतांना आपल्याकडे 'त्यानें इतके पावसाळे पाहिले आहेत' असें म्हणतात; कोणी किती उन्हाळे पाहिले याचा हिशेब मराठी भाषेनें ठेवलेला नाहीं. उन्हाळा हा पाहण्याचा ऋतु नव्हे, तो काढण्याचा ऋतु आहे. 'यंदाचा उन्हाळा कसाबसा काढला' हें वाक्य मृगाची पहिली सर येऊन गेली कीं घरोघर ऐकूं येतें. आणि नवल असें कीं, ज्या घरांत हें वाक्य उच्चारलें जातें त्याच घरांत, मुलांच्या शाळा उघडण्याचा दिवस आला म्हणजे, 'सुटी कशी आली आणि कशी गेली, कळलेंच नाहीं' असा उसासाहि टाकला जातो. जो ऋतु सरतां सरत नव्हता तोच हातीं कांहीं न ठेवतां निघून गेला, अशी ही दुहेरी तक्रार आहे. दुपारीं इतके लांब वाटलेले दिवस आठवणींत इतके आखूड कां व्हावे?

या तक्रारीवर अलीकडे एक उपाय वारंवार सुचविला जातो. रोज कांहीं लिहावें, दिवसाच्या अखेरीस चार ओळी टिपून ठेवाव्या, म्हणजे ऋतूची धांव मंदावते आणि त्याची चव जिभेवर अधिक वेळ राहते, असें सांगतात. उपाय सोपा आहे, म्हणूनच तो तपासून घेण्याजोगा आहे. नुसत्या लिहिण्यानें काळ खरोखरीच मंदावतो काय? आणि मंदावत असेल, तर कोणत्या प्रकारच्या लिहिण्यानें? या प्रश्नांचें उत्तर उपदेशपर पुस्तकांत शोधण्यापेक्षां, ज्यानें हा उद्योग चोवीस वर्षें नेमानें केला त्याच्या वह्याच उघडून पाहणें बरें. तो लेखक म्हणजे अमेरिकेंतील हेन्री डेव्हिड थोरो.

मराठी वाचकाला थोरो अगदींच अनोळखी नाहीं. सरकारच्या अन्यायास व्यक्तीनें कोठवर साथ द्यावी याविषयींचा त्याचा निबंध महात्मा गांधींच्या वाचनांत आला होता, म्हणून त्याचें नांव आपल्याकडे राजकारणाच्या वाटेनें आलें. आणि 'वॉल्डन' हा त्याचा मुख्य ग्रंथ दुर्गा भागवत यांनीं 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नांवानें मराठींत आणला. परंतु ज्या वह्यांतून तो ग्रंथ निपजला त्या रोजनिशीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. २२ ऑक्टोबर १८३७ रोजीं, वयाला वीस वर्षें पुरीं झालेलीं असतां, थोरोनें तिच्यांतली पहिली नोंद केली. रोजनिशी ठेवतोस कीं नाहीं, असें कोणी तरी, बहुधा एमर्सननें, विचारलें, एवढेंच त्याला निमित्त झालें. शेवटची नोंद १८६१ सालच्या नोव्हेंबरांतली आहे. त्यानंतर सहा महिन्यांनीं, ६ मे १८६२ रोजीं, क्षयानें त्याचा अंत झाला. या अवधींत सुमारें २० लाख शब्द लिहून झाले होते. त्यांतील फार थोडे त्याच्या हयातींत छापले गेले.

मृत्यूनंतर या वह्या त्याच्या बहिणीकडे राहिल्या आणि १८७६ सालीं तिच्या निधनानंतर थोरोचा मित्र हॅरिसन ब्लेक याच्या हातीं आल्या. ब्लेकनें त्यांतून ऋतुवार निवड करून चार पुस्तकें काढलीं. वसंतारंभाचें पुस्तक १८८१ सालीं निघालें. १८८४ सालीं निघालें त्याचें नांवच मुळीं 'उन्हाळा'. हिवाळा आणि शरद हीं मागाहून आलीं. उन्हाळा धीमेपणानें चाखावा अशी इच्छा असणाऱ्या वाचकाच्या हातीं प्रथम द्यावें असें हें पुस्तक आहे, आणि आमच्या मतें त्याला फसवण्याचा संभवहि याच पुस्तकांत अधिक आहे. म्हणून त्याचा विचार आधीं करूं.

प्रारंभींच एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतला उन्हाळा म्हणजे आपला वैशाख नव्हे. थोरोचें कॉन्कॉर्ड गांव बॉस्टनपासून सुमारें २० मैलांवर आहे. तेथें हिवाळा दीर्घ आणि बर्फाचा. त्याच्या काळीं वॉल्डन तळ्यावरचा बर्फ फुटायला मार्चची अखेर किंवा एप्रिल उजाडे. जून, जुलै व ऑगस्ट या तीन महिन्यांत सारें पिकायचें, फुलायचें आणि उरकायचें. आपण ज्या आतुरतेनें मृगाची वाट पाहतों, त्या आतुरतेनें तेथला माणूस जूनची वाट पाहतो. तेव्हां थोरोची उन्हाळ्याविषयींची आस ही आपल्या उन्हाळ्याच्या आसेशीं नव्हे, तर आपल्या श्रावणाच्या आसेशीं ताडून पाहावी. ऋतूचें नांव एकच असलें तरी त्याचा अर्थ अक्षांशाप्रमाणें पालटतो.

आतां ब्लेकची रचना. त्यानें नोंदी सालाच्या क्रमानें लावल्या नाहींत, तारखेच्या क्रमानें लावल्या. जूनची एखादी तारीख घेतली, कीं त्या तारखेच्या निरनिराळ्या वर्षांतील नोंदी एकापुढें एक येतात. मग दुसरी तारीख. वाचकाला याचा लाभ उघड आहे. पुस्तक उशाशीं ठेवावें, आजची तारीख काढावी आणि त्या दिवशीं त्या माणसानें काय काय पाहिलें तें वाचावें. अनेक वर्षांचे उन्हाळे एका उन्हाळ्यांत मावतात आणि ऋतु भरगच्च, संथ, जवळजवळ न संपणारा वाटूं लागतो. प्रथम वाचनीं हा अनुभव फार सुखाचा आहे.

परंतु दुसऱ्या वाचनीं कांहीं तरी हरवल्याचें जाणवतें. प्रत्येक नोंदीपाशीं साल दिलेलें असलें, तरी वाचकाची दृष्टि त्यावरून घसरून जाते. तरुण वयांतला अलंकारांचा सोस आणि चाळिशींतली मोजूनमापून केलेली टिपणी शेजारीं शेजारीं बसतात, जणूं दोन्ही एकाच मनानें एकाच सकाळीं लिहिल्या. मधल्या काळांत त्याच्या वाट्याला काय आलें, कोणती आशा विझली, कोणती दृष्टि आली, याचा मागमूस राहत नाहीं. दहा झाडांच्या आंब्यांचा रस एका पातेल्यांत काढला म्हणजे तो गोड लागतो खरा, पण कोणत्या झाडाची कोणती चव हें मग सांगतां येत नाहीं. तसें हें झालें आहे. या पुस्तकांतला उन्हाळा सरत नाहीं, कारण त्यांत कोणीच म्हातारें होत नाहीं. आणि जो ऋतु सरतच नाहीं तो चाखण्याचें कारणहि उरत नाहीं.

ब्लेकवर अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे, कीं ही कल्पना थोरोला परकी नव्हती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यानें स्वतः महिनेवार तक्ते आंखले होते. एकीकडे निसर्गांतल्या घडामोडी आणि दुसरीकडे सालें. परंतु तक्त्यांत साल आपल्या रकान्यांत कायम राहतें, आणि एका सालची गोष्ट दुसऱ्या सालाशीं ताडून पाहणें हाच तक्त्याचा हेतु असतो. ब्लेकच्या पुस्तकांत ताडून पाहण्याऐवजीं मिसळून टाकणें घडलें. पुढें १९०६ सालीं ही रोजनिशी सालवार क्रमानें चौदा खंडांत प्रसिद्ध झाली, आणि १९८१ पासून प्रिन्स्टनहून तिची अधिक काटेकोर आवृत्ति निघूं लागली. उन्हाळा चाखण्याची थोरोची रीत कोणती होती तें या सालवार वाचनांतच उमगतें.

ती रीत अशी. दुपारीं तो फिरावयास बाहेर पडे. खिशांत पेन्सिल व कागद असत. वाटेंत दिसलेलें तो तुटक शब्दांत टिपून घेई आणि बहुधा दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या टिपणांवरून वहींत सविस्तर लिही. म्हणजे प्रत्येक दुपार तो दोनदां जगत असे, एकदां पायांनीं आणि एकदां लेखणीनें. १८५० च्या सुमारापर्यंत ही वही म्हणजे व्याख्यानांचा आणि लेखांचा कच्चा माल होता. हवीं तीं पानें त्यानें फाडूनहि घेतलीं. त्यानंतर मात्र वही अखंड राहिली, नोंदींवर नियमानें तारखा आल्या, आणि रोजनिशी हें दुसऱ्या कशाचें साधन न राहतां स्वतःच एक कृति झाली. 'वॉल्डन' या ग्रंथांत त्यानें तळ्याकाठच्या दोन वर्षें दोन महिन्यांच्या वास्तव्याचें एकच वर्ष केलें आहे. तेथें तो काळ आवळतो. रोजनिशींत तो काळ उलगडतो.

१८५२ सालच्या जुलैंतली एक नोंद पाहा. उष्मा असह्य झाला होता. थोरो कपडे उतरवून, डोकीवर केवळ टोपी ठेवून, असाबेट नदीच्या पात्रांतून चालत सुटला. अशा उन्हांत असें चालण्याचें सुख एखाद्या रोमन बादशहानें तरी भोगलें असेल काय, अशा आशयाचा उद्गार तो काढतो. परंतु ही नोंद जिवंत राहिली आहे ती त्या उद्गारामुळें नव्हे. पायांखालचा तळ कोठें मऊ वाळूचा, कोठें बोचऱ्या खड्यांचा, कोठें पाय रुतवणाऱ्या चिखलाचा. वाळूवर पाऊल कसें पसरतें आणि खड्यांवर कसें आंखडतें. हें सारें तो पावलागणिक सांगतो. वाचकाच्या तळव्यांना तें कळतें. आपण असतों तर लिहिलें असतें: 'आज फार उकडलें. नदीवर गेलों. मन प्रसन्न झालें.' या तीन वाक्यांत खोटें कांहींच नाहीं. पण दहा वर्षांनीं तीं वाचलीं तर त्यांतून ना ऊन परत येईल, ना नदी. तो अनुभवाचा निष्कर्ष आहे, अनुभव नव्हे. आजकाल ज्याला चिंतनपर लेखन म्हणतात त्यांतलें पुष्कळसें असें निष्कर्षांचें लेखन असतें. मन प्रसन्न झालें हें लिहावयास नदीवर जावेंच लागतें असें नाहीं. पाय वाळूवर पसरतो आणि खड्यांवर आंखडतो हें लिहावयास मात्र जावें लागतें, आणि उद्यां पुन्हां जाऊन खात्री करावी लागते.

आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे. रोजनिशी काळ मंदावते ती भावना ओतल्यानें नव्हे. लिहावयाचें आहे या जाणिवेनें डोळा एका वस्तूवर अधिक वेळ थांबतो आणि उद्यां त्याच वस्तूकडे परत येतो, म्हणून मंदावते. पांढरें कमळ सकाळीं केव्हां उमलतें हें ज्याला लिहावयाचें आहे, त्याला सकाळीं तळ्यावर असावें लागतें. 

उरलेलें अर्धें उत्तर अधिक कठोर आहे, आणि उपाय सुचविणारे तें सांगत नाहींत. वीस वर्षें ऋतूंचा पाठलाग केल्यावर, १८५७ सालच्या जूनच्या ६ तारखेस, थोरोनें लिहून ठेवलें कीं प्रत्येक ऋतु म्हणजे केवळ एक सूक्ष्म बिंदु आहे. तो येतो न येतो तोंच गेलेला असतो, त्याला लांबी म्हणून नाहींच. ज्यानें उन्हाळ्यावर इतकी पहारेदारी केली त्यालाच उन्हाळा सर्वांत क्षणिक वाटला! त्याआधीं १८५३ सालच्या ऑगस्टांत, भर उन्हाळ्यांत, उशीर झाल्याची एक विलक्षण भावना त्याला घेरते. वर्ष आतां उताराला लागलें आणि आपल्या हातून ठरलेलें कांहींच झालें नाहीं, असें त्याला वाटतें. तेव्हां रोजनिशीनें ऋतु लांबतो हें खरें नव्हे. रोजनिशीनें ऋतु विभागला जातो. ज्याला आपण ढोबळपणें एक उन्हाळा म्हणतों, त्याच्या पोटांत दहा-वीस लहान ऋतु आहेत आणि त्यांतला प्रत्येक चार दिवसांचा पाहुणा आहे, हें तिनें कळतें. सुख वाढतें, आणि त्याबरोबर गमावण्याचे प्रसंगहि वाढतात. जो कांहीं टिपत नाहीं त्याचा उन्हाळा एकदांच जातो. टिपणाऱ्याचा वीस वेळां जातो. ही किंमत द्यावयाची तयारी असेल त्यानेंच वही उघडावी.

थोरोच्या रोजनिशीवर दोन मोठे आक्षेप आहेत, आणि दोन्ही विचारांत घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप त्यानें स्वतःच घेतला आहे. १८५१ सालच्या ऑगस्टांत त्यानें भीति व्यक्त केली, कीं आपलें ज्ञान वर्षागणिक अधिक रेखीव व शास्त्रीय होत चाललें आहे आणि आकाशाएवढी दृष्टि सोडून आपण सूक्ष्मदर्शकाच्या कांचेएवढ्या जागेंत अडकत आहोंत. पुढच्या वर्षांतील वह्या पाहतां ही भीति अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. झाडांचीं नांवें, फुलण्याच्या तारखा, पाण्याची खोली, खोडांचे घेर, यांच्या याद्यांनीं पानेंच्या पानें भरलीं आहेत. चौदा खंड सलग वाचणाऱ्यास या याद्या थकवतात. आम्हांसहि त्यांनीं थकवलें. रसिकतेचा आव आणून त्यांची स्तुति करणें हा अप्रामाणिकपणा होईल.

पण या कोरड्या याद्यांचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. बॉस्टन विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी यांनीं थोरोच्या १८५२ ते १८५८ या वर्षांतील फुलोऱ्याच्या नोंदी हातीं घेऊन कॉन्कॉर्डच्या त्याच परिसरांत पुन्हां निरीक्षणें केलीं. २००८ सालीं त्यांनीं दाखवून दिलें, कीं तेथील रानफुलें थोरोच्या काळच्या मानानें सरासरी एक आठवडा आधीं फुलूं लागलीं आहेत. हवेंतली उष्णता वाढल्याचा हा परिणाम. ज्या ओळी साहित्य म्हणून सर्वांत निर्जीव वाटत होत्या त्यांनींच दीडशें वर्षांनीं साक्ष दिली. शास्त्राला उपयोग झाला म्हणून वाङ्मयीन गुण वाढत नाहीं, हें खरें. परंतु यांतून रोजनिशीविषयीं एक गोष्ट सिद्ध होते: लिहितांना कोणती ओळ मोलाची ठरेल तें लिहिणाऱ्याला कळत नसतें. ज्या ओळींत 'मी' अधिक, त्या लिहिणाऱ्याबरोबर शिळ्या होतात. ज्या ओळींत तारीख आणि वस्तु आहे, त्या वाट पाहूं शकतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो थोरोच्या निकटच्या माणसानें घेतला. १८६२ सालीं मित्राच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या गौरवलेखांत एमर्सननें खंत व्यक्त केली, कीं ज्याच्या अंगीं साऱ्या देशासाठीं कांहीं उभें करण्याची शक्ति होती तो हकलबेरी वेंचणाऱ्या मंडळीचा नायक होण्यांतच समाधान मानून राहिला. हकलबेरी म्हणजे आपल्या करवंदासारखें झुडपावरचें रानफळ. उन्हाळ्यांत मुलेंबाळें टोपल्या घेऊन तें वेंचावयास जात आणि थोरो त्यांचा वाटाड्या असे. एमर्सनचा प्रश्न आजहि कोणत्याहि ऋतुरसिकाला विचारतां येतो: जग पेटलेलें असतां उन्हाळ्याची चव घेत बसणें हें शोभतें काय?

याचें उत्तर १८५४ सालच्या उन्हाळ्याच्या पानांत आहे. त्या वर्षीं मेअखेरीस अँथनी बर्न्स नांवाच्या, दास्यांतून निसटून आलेल्या माणसास बॉस्टन शहरांत पकडण्यांत आलें, आणि २ जून रोजीं सरकारी शस्त्रबळाच्या पहाऱ्यांत त्याला पुन्हां गुलामगिरींत धाडण्यांत आलें. या दिवसांत थोरोच्या वहींत फुलें, पक्षी आणि तळीं यांच्या मध्येंच संतापाचीं पानेंच्या पानें उसळून येतात. ज्या राज्यांत अशी गोष्ट घडते तेथें फिरावयास जाण्यांतला आनंदच नासला, असें तो म्हणतो. मग १६ जूनच्या नोंदींत त्याला वर्षांतलें पांढरें कमळ भेटतें. चिखलांतून वर आलेलें असूनहि त्याचा गंध निर्मळ असतो. हा अनुभव त्यानें वहींत दडवून ठेवला नाहीं. ४ जुलै रोजीं दास्यविरोधी सभेंत त्यानें जें जळजळीत भाषण केलें त्याचा शेवट त्यानें याच कमळावर केला. ज्या माणसानें तो उन्हाळा बारकाईनें पाहिला नसता त्याला आपल्या राज्यानें काय नासवलें हेंहि तितक्या तीव्रतेनें जाणवलें नसतें. १८४६ सालच्या जुलैंत कर न भरल्याबद्दल एक रात्र तुरुंगांत काढून सुटल्यावर हाच माणूस, दुरुस्तीस टाकलेला जोडा घेऊन, हकलबेरी वेंचावयास गेला होता. एमर्सनला या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटल्या. आम्हांस त्या एकाच वृत्तीच्या दोन बाजू वाटतात. आपल्या वेळेवर दुसऱ्या कोणाची मालकी चालूं द्यावयाची नाहीं, ही ती वृत्ति.

आमचा स्वतःचा आक्षेप याहून घरगुती आहे. दिवसांतले निदान चार तास भटकल्यावांचून आपली प्रकृति ठीक राहत नाहीं, असें थोरोनें एका निबंधांत लिहिलें आहे. तो अविवाहित होता. जमिनीची मोजणी आणि वडिलांचा पेन्सिलींचा कारखाना यांवर त्याचा थोडक्यांत निर्वाह होई. आणि तो परत येईपर्यंत घरांतली चूल इतर कोणी तरी सांभाळीत असे. शेतकरी आणि कोळी या रोजनिशींत ठळकपणें भेटतात. घरांतल्या बायकांची दुपार तिच्यांत फारशी दिसत नाहीं. ज्या माउलीचा सारा उन्हाळा सांडगे, कुरडया, लोणचीं आणि सुटीला आलेल्या भाचरांचीं जेवणें यांत जातो, तिला चार तासांची भटकंती सांगणें हा उपहास होईल. तिनें थोरोपासून घ्यावयाचें तें त्याचें फिरणें नव्हे, त्याच्या नोंदीचा घाट.

आणि येथें आपल्याकडच्या एका पुस्तकाची आठवण होणें अपरिहार्य आहे. 'वॉल्डन' मराठींत आणणाऱ्या दुर्गा भागवत यांचेंच 'ऋतुचक्र' १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. मराठी महिन्यांच्या क्रमानें चालणाऱ्या या ललित निबंधांनीं आपल्या वाचकाला प्रथमच शिकवलें, कीं चैत्र-वैशाखाचा काळ हा केवळ काढावयाचा काळ नसून झाडांच्या दृष्टीनें वर्षांतला मोठा उत्सव आहे. निरीक्षण, लोककथा आणि संस्कृत काव्याचा संस्कार यांचें त्यांत सुंदर एकजीव मिश्रण झालें आहे. परंतु 'ऋतुचक्रा'तला वैशाख कोणत्या सालचा, हें विचारतां येत नाहीं. तो साऱ्या वैशाखांचें सार आहे. निबंधाच्या प्रकृतीला तें योग्यच होय, म्हणून हा दोष नव्हे. थोरोचा १६ जून मात्र १८५४ चाच आहे. तो दुसऱ्या कोणत्याहि वर्षीं येऊं शकत नाहीं. पहिल्या प्रकारांत ऋतु पिकून येतो. दुसऱ्यांत तो झाडावरच, कच्चा, देठासकट दिसतो. मराठींत पहिल्या प्रकारच्या लेखनानें आपण समृद्ध झालों आहोंत. दुसऱ्या प्रकारचें आमच्या वाचनांत फारच थोडें आलें.

या दोन लेखकांत आणखी एक साम्य आहे, आणि तें एमर्सनच्या आक्षेपाला दुसऱ्या बाजूनें उत्तर देतें. १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनीं आणीबाणीविरुद्ध निर्भयपणें आवाज उठवला आणि पुढें तुरुंगवासहि पत्करला. झाडाची नवी पालवी निरखणारा डोळा सत्तेपुढें मिटत नाहीं, याचा दाखला द्यावयास आपल्याला कॉन्कॉर्डपर्यंत जावें लागत नाहीं.

रोजनिशी हा शब्द तरी आपल्याला कोठें परका आहे? पेशव्यांच्या रोजनिश्यांतले वेंचे छापून निघाले आहेत. त्यांत जमा, खर्च, नेमणुका, इनामें, निवाडे यांची तारीखवार नोंद आहे. त्या कारकुनांनीं आपल्या मनाची प्रसन्नता लिहून ठेवली नाहीं, म्हणूनच आज त्यांच्या ओळींतून एक सबंध काळ उभा राहतो. थोरोलाहि हिशेबाची हीच आवड होती. तळ्याकाठच्या झोंपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, हें त्यानें ग्रंथांत बाबवार मांडलें आहे. उन्हाळ्याची मराठी रोजनिशी लिहावयाची, तर ती या जमाखर्चाच्या वळणावर लिहावी असें आम्हांस वाटतें. परसांतली कैरी कोणत्या दिवशीं पाडास लागली. विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या. पहिला वळीव कोणत्या तारखेस, कोणत्या दिशेनें आला, आणि वाळत घातलेल्या कुरडयांपैकीं किती भिजल्या. माठांत वाळा कधीं पडला. भाचा कोणत्या गाडीनें परत गेला, आणि त्या रात्रीं अंथरुणें किती कमी पडलीं. रोज दोन ओळी पुरेत. त्यांत 'फार छान' हे शब्द न आले तर उत्तम. दुसऱ्या वर्षीं तीच तारीख उघडून पाहावी, आणि सालाखालीं साल लिहावें. पण सालें एकमेकांत मिसळूं नयेत.

यानें उन्हाळा लांबेल असें आश्वासन आम्ही देत नाहीं. थोरोचा लांबला नाहीं. त्याची अगदीं शेवटची नोंद ३ नोव्हेंबर १८६१ ची आहे. क्षय बळावला होता. त्या वर्षींचा उन्हाळा हवापालटासाठीं मिनेसोटाच्या प्रवासांत निघून गेला होता. या नोंदींत मरणाचें नांव नाहीं, चोवीस वर्षांचा समारोप नाहीं. एका वादळी पावसानें रेल्वेच्या रस्त्याच्या खडींत उमटवलेल्या रेषांवरून पाऊस कोणत्या दिशेनें आला होता हें सांगतां येतें, एवढेंच तो लिहितो. आणि पाहणाऱ्याला हें स्पष्ट दिसतें, तरी बहुतेकांच्या नजरेंतून तें निसटून जाईल, असें सांगून थांबतो. पुढचीं पानें कोरीं आहेत.